अरुंद पार्किंगमध्ये गाडी घासते सारखी, काय करावं?

रोहाऊसवाली

नमस्कार मंडळी. आमचं नाशिकला रो हाऊस आहे, १९९८ सालचं, सासऱ्यांनी घेतलेलं. तेव्हा घरात मारुती ८०० होती, नंतर जुनी वॅगनआर आली, तोपर्यंत पार्किंगचा कधी विषयच निघाला नाही. आता फेब्रुवारीत ब्रेझा घेतली आणि चार महिन्यात तीन जखमा. एक डाव्या मागच्या दारावर, गेटच्या खांबाला घासून चांगला हातभर लांब पट्टा. दुसरी पुढच्या बंपरला डाव्या कोपऱ्यात, तुळशी वृंदावनाला लागून. तिसरी ड्रायव्हरच्या दाराची कड, उघडताना आतल्या कॉलमवर आपटून रंगाचा टवका उडालाय. पहिल्या दोन माझ्या, तिसरी कोणाची ते घरात कोणीच कबूल करत नाहीये, मी तर केलेली नाही एवढं नक्की.

मापं टेप लावून घेतलीत. गेट ८ फूट, दोन पाखी, बाहेर उघडतं. आत रुंदी सव्वानऊ फूट, पण रस्त्यावरून बघताना उजव्या हाताच्या भिंतीला एक कॉलम ९ इंच पुढे आलाय. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत १५ फूट. तुळस आतल्या डाव्या कोपऱ्यात, दीड फूट बाय दीड फूट. ती हलवायची नाही, हे सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे कृपया तो सल्ला देऊ नका. डाव्या भिंतीतच व्हरांड्याचं दार आहे. समोर रस्ता ६ मीटरचा पण समोरच्यांची गाडी कायम तिथे लावलेली असते.

मी गाडी सरळ आत घालते, नाक पुढे. नवरा म्हणतो भिंतीला फोम लाव, दीर म्हणतो ३६० कॅमेरा बसव, वॉचमन काका म्हणाले गाडी बाहेरच लावा ना ताई. तुम्ही काय करता?

नाना_नगरकर

बाहेर लावू नका एवढं माझं पहिलं. आमच्या गल्लीत बाहेरच्या गाडीवर पोरांनी खिळ्यानं नावं कोरलीत, शिवाय क्रिकेट आहेच.

फोम लावा, वाईट नाही, पण गादीतला पिवळा फोम लावू नका, मी लावला होता. पावसाळ्यात ते पाणी पितं, कुजकट वास येतो आणि मुख्य म्हणजे त्यात धूळ-वाळूचे कण रुतून बसतात, मग गाडी त्याला टेकली की फोम न राहता पॉलिश पेपर होतो. जिममध्ये खाली टाकतात ना त्या ईव्हीएच्या चौकोनी लाद्या, त्या चिकटवा, त्या पाणी धरत नाहीत. जुन्या टायरचे तुकडेही लावतात लोक, स्वस्त पडतं, पण तुमची गाडी पांढरी असेल तर काळे डाग पडतील आणि ते घासून काढायला लागतील.

हडपसरी

एवढी मोठी गाडी घेतलीच कशाला हा प्रश्न विचारायची परवानगी आहे का 😄 आधी मोजायचं होतं ना.

रोहाऊसवाली

@हडपसरी परवानगी नाही. आणि ४ मीटरच्या आतली आहे हो गाडी, शोरूममध्ये सगळे छोटीच म्हणत होते तिला.

चौथा_गिअर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि वहीवर आकृती काढली, कारण तुमच्यासारखंच माप आमच्या जळगावच्या घरी होतं. थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी ते ४ मीटरचं. २००६ च्या बजेटपासून ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कर कमी लागतो, म्हणून कंपन्यांनी लांबी तिथे आणून थांबवली. तुमची ३९९५ मिमी आहे, बघा कशी अगदी पाच मिमी आत ठेवलीये. पण रुंदीला कोणी अडवलं नाही. मारुती ८०० होती १४४० मिमी रुंद, तुमची ब्रेझा १७९०. म्हणजे नुसती रुंदीच ३५ सेंमी वाढली, आणि भिंती आहेत १९९८ च्या. ही रुंदी आरसे सोडून बरं का. त्यामुळे तुमच्या ड्रायव्हिंगला उगाच दोष देऊ नका.

आता मुद्दा. तुम्ही तीन जखमा लिहिल्यात, मला ती एकच चूक दिसतेय, तीन वेळा झालेली. तुम्ही नाक पुढे घालता, मग तुमचं दार येतं उजवीकडे, म्हणजे बरोबर कॉलमच्या बाजूला. दार उघडायला जागा हवी म्हणून तुम्ही गाडी डावीकडे दाबता. डावीकडे दाबली की मागचं दार गेटच्या डाव्या खांबाला, पुढचा बंपर तुळशीला. आणि एखाद दिवशी कमी दाबली गेली की दार कॉलमवर. झाल्या तिन्ही.

त्यात नाक पुढे ठेवून जाताना वळणावर मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, आतून कापत जातं. एसटी ड्रायव्हर वळणावर आधी गाडी बाहेर काढतो आणि मग फिरवतो ते याचसाठी. तुमचं नाक गेटमधून झकास आत जातं, तुम्ही म्हणता सुटलो, आणि तेव्हा मागचं दार खांबावर चाललेलं असतं.

उपाय: रिव्हर्स घ्या. रिव्हर्स घेतली की तुमचं दार उलट्या भिंतीकडे जातं, म्हणजे रस्त्यावरून डावीकडे, व्हरांड्याच्या दाराच्या बाजूला. कॉलमकडे येते बिनड्रायव्हरची बाजू, तिथलं दार उघडायचंच नाहीये, त्या बाजूला गाडी बिनधास्त चिकटवा. हिशोब करून बघा. आत २८१९ मिमी, त्यातून कॉलमचे २२९ गेले, राहिले २५९०. गाडी १७९०. उरतात ८०० मिमी. कॉलमपासून २० सेंमी ठेवलं तरी तुमच्या बाजूला ६० सेंमी मिळतात, एवढ्यात माणूस नीट उतरतो. आणि तुळस दीड फूट म्हणजे ४६ सेंमी, ती तुमच्या ६० सेंमीच्या पट्ट्यातच बसते. म्हणजे गाडी तुळशीच्या शेजारून मागे जाईल, तिच्या वाटेत येणारच नाही. सासूबाईंना काही सांगायला नको!

रोहाऊसवाली

@चौथा_गिअर अहो, हे मी चार महिन्यात एकदाही असं बघितलं नाही. पण रिव्हर्स मला जमत नाही हो, खरं सांगते. समोर त्यांची गाडी असते, मागे गेट, मला घाम फुटतो. आणि डावीकडचा खांब दिसतच नाही.

चौथा_गिअर

तुमची गल्ली दोन्ही टोकांनी उघडी आहे का? तुम्ही वळून गेटमध्ये डावीकडे शिरता ना, म्हणजे घर तुमच्या डाव्या हाताला येतं. तिथून रिव्हर्स घेतलं तर मागचा भाग डावीकडे वळवावा लागतो आणि तो खांब तुमच्यापासून गाडीच्या पार पलीकडच्या बाजूला. अवघड आहेच ते, मलाही नाही आवडत.

म्हणून दुसऱ्या टोकानं या. वळसा पडेल एखाद-दोन मिनिटांचा. घर उजव्या हाताला आलं पाहिजे. गेटच्या पुढे जा, गेटपासून साधारण मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवून, समोरच्यांच्या गाडीला पुरेशी जागा सोडून. आता रिव्हर्समध्ये उजवीकडे वळवायचं आहे, आणि तो खांब तुमच्या स्वतःच्या खिडकीतून दिसतो, मान बाहेर काढली की झालं. मागचं चाक खांब ओलांडेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही. एक लक्षात ठेवा, स्टिअरिंग फिरवलं की नाक डावीकडे फेकलं जातं, म्हणजे समोरच्यांच्या गाडीकडे. तेव्हा एकदा मागे, एकदा समोर. एका झटक्यात बसली नाही तर पुढे घ्या, परत मागे. दोन-तीन वेळा पुढेमागे करण्यात लाज कसली, गाडी तुमची, गेट तुमचं.

आणि हाफ क्लचवर पाय ठेवून रेटत बसू नका, जळका वास येईल. ऑटोमॅटिक असेल तर ॲक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. ब्रेक सैल केला की ती आपोआप सरकते, तेवढा वेग बास आहे. घरच्या पार्किंगमध्ये भिंत फोडणारे कितीतरी जण ब्रेक समजून दुसऱ्याच पेडलवर उभे राहिलेले असतात.

हडपसरी

हे मान्य. पण आरसे बंद करून आत घ्यायची ना? ८ फुटाच्या गेटमधून आरसे उघडे ठेवून कोण जातं.

चौथा_गिअर

आरसे उघडेच. २४३८ मधून १७९० गेले, ६४८ राहिले, दोन्हीकडे ३२-३२ सेंमी. आरसा त्यातलं थोडं खातो तरी जागा उरते. आरसे मिटलेत तर रिव्हर्स कशात बघून घेणार? आत उभी केली की मग मिटा. उलट डावा आरसा थोडा खाली झुकवा, मागचं चाक आणि जमीन दिसली पाहिजे.

आणि जमिनीवर पिवळ्या ऑइल पेंटनं एक पट्टा मारा, कॉलमच्या पुढच्या कडेपासून २० सेंमीवर, गेटपासून आतपर्यंत सरळ. आरशात चाक आणि पट्टा एवढंच बघत मागे यायचं. एकदा गाडी माणसं उभी करून नीट लावा, आणि मग पट्टा मारा, आधी नाही.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत आमचं गॅरेज एका गाडीचं आहे आणि त्यात बर्फ ढकलायचं मशीन, सायकली, दोन फ्रीज असं सगळं कोंबलंय. इथली जुनी युक्ती म्हणजे टेनिस बॉल. छताला दोरी बांधून बॉल लोंबकळत सोडायचा, गाडी बरोबर जागी असताना तो पुढच्या काचेला ड्रायव्हरसमोर टेकेल एवढ्या लांबीवर. बॉल काचेला लागला की थांबायचं. रिव्हर्स घेत असाल तर तो मागच्या काचेला टेकेल असा बांधा. वर स्लॅब असेल तर एक हुक मारला की झालं. माझ्या बायकोला हे इतकं आवडलं की आता ती सेन्सरकडे लक्षच देत नाही.

नाना_नगरकर

बॉल चांगला आहे पण आपल्याकडे पोरं तो दुसऱ्या दिवशी खेळायला नेतील.

त्यापेक्षा मागच्या चाकाला रबरी स्टॉपर लावा. मापाची रीत सांगतो, गाडी हवी तिथे उभी करा, मागच्या दोन्ही टायरच्या मागे खडूनं रेघ मारा, गाडी काढा, रेघेवर स्टॉपर ठेवा. विटा ठेवू नका, त्या सरकतात नाहीतर फुटतात. फक्त ड्रिल मारायच्या आधी बघा, रो हाऊसला बऱ्याचदा पाण्याची टाकी पार्किंगखालीच असते, लोखंडी झाकण दिसतंय का बघा. आमच्या मेव्हण्यांनी बोल्टसाठी ड्रिल घातलं ते थेट टाकीच्या स्लॅबमध्ये. गळती थांबवायला जो खर्च आला त्यात दोन बंपर आले असते.

डेंटपेंट

राम राम. कोल्हापूरला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, त्यामुळं तुमच्यासारखी लोकं म्हणजे आमचं पोट आहे, तरी खरं सांगतो.

हातभर पट्ट्यावरून आधी नख फिरवा, आडवं. नख कुठं अडकत नसंल तर रंगावरच्या पारदर्शक थराला, क्लिअर कोटलाच गेलंय, रबिंग पॉलिशनं बऱ्यापैकी निघतं. नख अडकलं तर रंगाच्या आत गेलंय, पॅनल रंगवायला लागंल. आणि खाली पत्रा दिसत असंल, चकाकणारा, तर पावसाळ्याच्या आत करून घ्या, गंज धरतो तिथनं. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज नाही, तो राहू दे निवांत. दाराच्या कडेचा टवका मात्र लई फसवा, कडेलाच पाणी थांबतं, टचअपची छोटी बाटली मिळते तुमच्या कलर कोडची, ती लावा.

लोकं पहिल्या ओरखड्याला इन्शुरन्स काढतात, तिथं जरा हिशोब करा. एकदा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट असते ती, पण फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर, सगळ्या प्रीमियमवर नव्हे. शिवाय दर क्लेमला १५०० सीसीपर्यंत १००० आणि त्याच्या वर २००० रुपये तुमच्याच खिशातनं जातात. त्यामुळं एका दाराच्या रंगासाठी क्लेम घेऊन वर बोनस घालवायचा, परवडत नाही. तीन घाव असतील तर अजून थोडं थांबा, पार्किंग आधी सुधारा आणि मग एकदम करा. नाहीतर आज रंगवलेलं दार पुढच्या आठवड्यात परत माझ्याकडं. मला चालतंय 😀

हडपसरी

सेन्सरचं कोणी बोललंच नाही. गाडीला सेन्सर आहेत ना?

चौथा_गिअर

आहेत, मागचे. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचेच आहेत. पण ते मागच्या बंपरमध्ये बसवलेले असतात, ते मागचंच बघतात. गाडीच्या कुशीला काय घासतंय ते त्यांना कळत नाही, आणि अरुंद पार्किंगमध्ये घासते ती कूसच. शिवाय गेटचा कोयंडा, नळाची तोटी, मीटरच्या पेटीचं दार असली बारीक पुढे आलेली वस्तू सेन्सरच्या वर किंवा खाली असली तर तो गप्प बसतो. ३६० कॅमेरा चांगला, नाही म्हणत नाही, पण पैसे घालायच्या आधी हे फुकटातलं करून बघा.

हां, कोयंड्यावरून आठवलं, तुमचं गेट बाहेर उघडतं. वाऱ्यानं पाखा परत फिरतो का? त्याला आकडा-साखळी आहे का? आमच्याकडे ऐन जूनमध्ये गाडी अर्धी आत असताना पाखा आला आणि दारावर बसला, त्या पाख्याची कडी अजून दारावर छापलेली आहे.

रोहाऊसवाली

आकडा एका पाख्याला आहे, दुसऱ्याला आत्तापर्यंत कुंडी लावत होतो. 🙈

हडपसरी

ताई, सुरुवातीला चिडवलं त्याबद्दल सॉरी. आमच्या सोसायटीत बिल्डरनं वरखाली होणारं पझल पार्किंग दिलंय, त्या लोखंडी ट्रेला रुंदीची, उंचीची, वजनाची, तिन्हीची मर्यादा. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गाडी आणली, पेढे वाटले, संध्याकाळी कळलं ट्रेवर बसतच नाही. आता बाहेर रस्त्यावर आहे त्यांची. तुमचं बरंच बरं म्हणायचं.

रोहाऊसवाली

दोन आठवडे झाले, म्हटलं कळवावं.

पहिला रविवार नुसता सरावात गेला. दुसऱ्या टोकानं यायचं, गेटपुढे थांबायचं, मान बाहेर. पहिल्या वेळी सात वेळा पुढेमागे केली, समोरचे काका गॅलरीत चहा घेऊन बसले होते बघायला, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून गाडी दोन फूट पुढे घेतली, न सांगता. आता दोन वेळात बसते. पट्टा मारलाय, पिवळा. स्टॉपर ठेवलेत पण ड्रिल नाही मारलं, कारण टाकी खरंच खाली निघाली, तर ते दोन्ही एका पट्टीला जोडून मागच्या भिंतीला टेकवलेत, सरकायला जागाच नाही. नाना, थँक्यू.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना आता कॉलमच्या बाजूनं उतरायला लागणार का, तो प्रश्न आला, तर त्या आता गेटबाहेरच उतरतात आणि दुसरा पाखा धरून उभ्या राहतात, ‘ये, ये, ये, बास’ करत. त्यांचं ‘बास’ चार बोटं आधीच येतं पण असू दे. दुसऱ्या पाख्याला आकडा शनिवारी लागेल, वेल्डर येतो म्हणालाय, तिसऱ्यांदा.

नख फिरवलं. दाराला अडकतंय.

आणि रिव्हर्स पहिल्यांदा नवऱ्याला शिकवत होते तेव्हा तो पटकन बोलून गेला, ‘हां, मग त्या दिवशी असं उघडलं असतं तर कॉलमला लागलंच नसतं.’ म्हणजे तिसऱ्याचाही पत्ता लागला.

डेंटपेंट

😂 दादांना म्हणावं टचअपची बाटली त्यांच्या खर्चानं.